मोड

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
सकाळचे सहा, आणि वजनकाट्याचं लोखंडी पान
आत्ताच हात लावू देत नाही.
मी काचेमागे, पंख्याखाली.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो,
स्थिरावला की लिहितो.

पहिला मफिजुल येतो. सायकलीवर
त्याच्या दुप्पट उंचीचा पुठ्ठा:
टीव्हीचे, फ्रीजचे, बाळाच्या पाळण्याचे खोके.
कुणाच्या घरी काय आलं
ते आख्ख्या शहरात याला आधी कळतं.
पुठ्ठा ओला आहे, मी म्हणतो.
दव आहे साहेब, तो म्हणतो. ऑगस्टातलं दव.
मी दोन किलो कापतो.
एकच कापायला हवा होता.

मग एसी. पाडायला काढलेल्या इमारतींच्या अंगावरून
गोचिडांसारखे उपटलेले.
गुलजमान त्यांची पोटं फाडतो,
तांब्याची आतडी वेगळी, जस्ताची कातडी वेगळी,
आणि मधेच कबुतराचं एखादं घरटं,
तारांचं विणलेलं. तेही काट्यावर टाकतो,
माझी गंमत म्हणून. दोनशे ग्रॅम.

मग डबे. सरबतांचे, सोड्याचे,
दाबून दाबून विटा केलेले.
भट्टीवरचा इंजिनिअर सांगत होता,
मातीतून नवं अॅल्युमिनियम काढायचं
तर एका डब्याला जेवढी वीज जाते
तेवढ्यात असे वीस डबे पुन्हा उभे राहतात.
मला पटलं. मी आकड्यांचा माणूस.
इथं पाणीसुद्धा समुद्रातून ओढून, मीठ काढून,
विजेच्या बळावर गोड करतात;
म्हणून बाटल्यांच्या गोणीत एखादी अर्धी भरलेली निघाली
की ती आधी फाटकाजवळच्या कडुनिंबाला.
तेवढं झाड या यार्डात
कुणाच्याच वहीत नाही.

रोह्याला आमचं तांब्यापितळेचं दुकान होतं.
बायका पदराखाली गळकी भांडी घेऊन यायच्या:
मोड आणलीय, काय द्याल?
वडील आधी वजन करायचे, मग घासाघीस.
मी लहान. विचारलं,
मोड तर मटकीला येतात ना?
ते हसले नाहीत. म्हणाले,
हिलाही येतात.
फक्त भिजत घालावी लागते आगीत.

आणि मुशीत टाकण्याआधी
भांड्यावर कोरलेलं नाव ते एकदा मोठ्यानं वाचायचे.
का, ते कधी बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही. दुकान गेलं,
मी विमानात बसलो, वीस वर्षं झाली त्याला.

आज दुपारी एका फ्लॅटचं सामान आलं.
कायमचे परत गेलेले कुणीतरी.
नळ, बिजागऱ्या, पडद्यांच्या दांड्या,
आणि त्यांच्यात, बुडाशी चिरलेलं, एक पितळी पातेलं.
काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं:
चि. यमुनेस, आत्याकडून. १९६१.

गुलजमान म्हणाला, हवं असेल तर घेऊन जा,
शेठ काही म्हणणार नाही.
खोलीत आम्ही सहा जण, शेगडी एक,
खाटेखाली माझी बॅग, बॅगेवर दुसऱ्याची बॅग.
आणि चिरलेल्या पातेल्यात काय रांधणार?
मी ते उन्हात धरलं. जरा वेळ.
यमुने, कुणाची गं तू,
बोटीनं आलीस की विमानानं,
की आलीच नाहीस, फक्त भांडं आलं?

मग मोठ्यानं वाचलं.
नाव, नातं, साल. एकदाच.

काय म्हणालास? गुलजमाननं फोर्कलिफ्टवरून विचारलं.
काही नाही, म्हणालो. वजन.

पितळ, मिश्र: एक किलो नऊशे.
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

रात्री वही मिटण्याआधी पहिलं पान काढलं
आणि मफिजुलच्या ओळीत
कापलेल्यातला एक किलो परत लिहिला.